चहाच्या रंगाचं सलाईन

१२ जानेवारी, सोमवार

रक्ताचा आकडा, हिमोग्लोबिन, पुन्हा आठच्या आतच! दोन महिने लोहाच्या गोळ्या गिळल्या, फरक शून्य. आठवा महिना लागतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहाच्या वर गेल्याशिवाय इथे, गिरग्याच्या छोट्या दवाखान्यात, तुझं बाळंतपण करायची नाही मी." मागच्या वेळी, थोरल्या युसुफच्या जन्माला, रक्त थांबता थांबेना — नवरा, रिफअत, रक्तासाठी दारोदार फिरला होता.

१५ जानेवारी

पाव भाजायचा दिवस. कणीक मळता मळता बसकण मारली. कच्चे तांदूळ चघळताना सासूबाईंनी पकडलं. वाटलं, आता तोंडसुख घेणार — तर हसल्या! भट्टीच्या कडेचा मातीचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला. त्यांची जुनी सवय. मग नेहमीचं सुरू, "आम्ही काय दमलो नाही? बाईचा जन्म म्हटला की दमणं आलंच. तुम्हा शिकलेल्यांनाच त्याचं कौतुक!" मी कणीक पुन्हा पुढ्यात ओढली.

१६ जानेवारी

झोपले. उठले. दमलेलीच.

१९ जानेवारी

चूक सापडली! नर्स मार्सेलने विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस?" म्हटलं, चहाबरोबर. आमच्याकडे जेवण झालं की काळाकुट्ट चहा, आणि गोळी सासूबाई स्वतः बशीत ठेवतात — चहाने ताकद येते म्हणून! मार्सेलने कपाळाला हात लावला. चहा लोह अंगी लागूच देत नाही म्हणे. आता वेळ कमी, शिरेतूनच द्यायचं. सासूबाईंचा इतका राग आलाय की घरी येताच गोळीबरोबरचा चहा बंद, असं त्यांना ठणकावलं.

२२ जानेवारी

पहिलं सलाईन. सासूबाई हट्टाने सोबत आल्या. बाटलीतलं तपकिरी पाणी बघून मोठ्याने, "अगं, हा तर चहाच! मग माझाच काय वाईट होता?" सगळा वॉर्ड हसला. मलाही हसू आलं, मेलं.

सुईचा हात गार पडला होता. सासूबाई माझे पाय दाबत बसल्या. दाबतानाही त्यांना धाप लागत होती. मध्येच खिशातून मातीचा तुकडा काढून तोंडात टाकला. मार्सेल थबकली. "हे कधीपासून, आजी?"

"लग्न झालं तेव्हापासून."

मार्सेलने त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक! "रक्त कमी असलं की माती खावीशी वाटते. तुमचंही रक्त तपासू या."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत सासूबाई बाहेर जाऊन बसल्या.

१६ फेब्रुवारी

दहाच्या वर! बाळ इथेच होणार. रडले. घरी जिना न थांबता चढले आणि वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं — सासूबाई खालच्याच पायरीवर बसलेल्या, कठडा धरून. इतकी वर्षं मी हे पाहिलंच नव्हतं. उद्या त्यांना ओढत नेणार.

१८ फेब्रुवारी

सासूबाईंचं रक्त सहा. माझ्याहून कमी. रक्त जातंय कुठे, तेही शोधणार आहेत. आज माझ्या सलाईनच्या त्याच खुर्चीत त्या, पाय दाबायला मी. थेंबांकडे बघत हळूच म्हणाल्या, "सगळ्याच बायका इतक्या दमतात, असं वाटायचं गं मला."