मिशनच्या फाटकावरचं नवं नाव

इंदूर,
१२ मार्च १९९२

प्रिय सुलू,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड, दोन दिवस हिंमत गोळा करून आज लिहायला बसलेय. बऱ्हाणपूरला भावाकडे जाऊन तुला दोन महिने झाले, एक ओळ नाही. नळावर तुझी जागा त्या मारुतीच्या आईने घेतलीय आणि तिला माझी एक मस्करी कळत नाही. सगळं वाया जातं.

अगं, इथे काय झालंय ऐक. माझं तर डोकंच सुन्न आहे. आमच्या मिशनचं नाव बदललं! सोमवारी जाते तर फाटकावर पेंटर शिडी लावून चढलेला, आणि 'निराश्रित महिला मिशन'वर सफेद रंग फासतोय. मी खालून ओरडले, भिया, हे काय लावलंय, कोणी सांगितलं? म्हणतो, मौसी, पाद्रीसाहेबांचा हुकूम आहे. मला वाटलं मिलसारखं हेही बंद झालं. आमचे हे वारले तेव्हा मी ह्याच बोर्डाखालून आत शिरले होते. निराश्रित वाचून पहिले रडू यायचं, मग रोज वाचून हसू यायला लागलं. चौदा वर्षं तिथे काज-बटन शिकवतेय. आपण बुद्धाचे, ते येशूचे, पण कधी कुणी मला वेगळं नाही धरलं.

तशीच आत घुसले. म्हटलं, साहेब, नाव गेलं म्हणजे काम पण गेलं ना, साफ सांगा. ते हसले. म्हणाले, काम वही, प्रार्थना वही, कांताबाई, सिर्फ दरवाजा बड़ा किया है. आता म्हणे 'परिवार सेवा मिशन'. मिल बंद पडली, माणसं घरी बसलीत, त्यांनाही शिवण शिकवायची. पण महिला लिहिलेल्या फाटकातून कोणता मर्द आत येणार? मी म्हटलं, लूम चालवणारे हात सुई धरतील होय? लावा पैज, एक नाही येणार.

सुलू, दुसऱ्या दिवशी अकरा आले. मी खडू घेऊन वळले आणि खडू हातातून खाली. पहिल्याच मशीनवर तुझे प्रतापराव! चोवीस वर्षं लूमवर कापड काढलेला माणूस, चष्मा नाकावर, जीभ दातांत धरून सुईत दोरा ओवतोय. चौथ्या खेपेला गेला एकदाचा, तर आमच्या बेबीने टाळी वाजवली. हो, तीच बेबी, मशीन शिकवणारी.

मी बेबीला कोपऱ्यात धरलं. तेव्हा तिने तोंड उघडलं. मिल बंद झाल्यापासून प्रतापराव डबा घेऊन फाटकाशी यायचे, बोर्ड वाचायचे आणि परत फिरायचे. तीन-चारदा तीच बाहेर जाऊन बोलली. त्यांनी एकच विचारलं, मागून कुठून रस्ता आहे का? तिने ते पाद्रीसाहेबांच्या कानावर घातलं, ते कमिटीशी भांडले, आणि बोर्ड बदलला. तुझ्या नवऱ्यापायी, अगं! कुणाला सांगू नका म्हणून प्रतापरावांनी हात जोडलेले, म्हणून ती मलाही बोलली नाही.

आता तुला कळलंच असेल मी का लिहितेय. मी तेव्हा मिशनच्या खिडकीतून त्यांना बेबीशी हळू आवाजात बोलताना बघितलं, आणि नळावर चार बायकांसमोर तुला म्हटलं, सुलू, तुझ्या नवऱ्याने फाटकाशी नवी बघून ठेवलीय, सवतीसाठी खाट टाक. सगळ्या हसल्या. तूही हसलीस. आणि तिसऱ्या दिवशी पेटी उचलून गेलीस. मस्करी होती गं, आईशपथ. काल सुट्टी झाल्यावर प्रतापराव मला म्हणाले, कांताबाई, माझी मिल गेली म्हणून ती गेली, तिचा काही दोष नाही. मी मान खाली घालून मशीनींवर झाकणं घालत राहिले. तू ये न ये, उद्या मी त्यांना खरं सांगणार आहे. पण तू ये. त्याच नळावर, त्याच चार बायकांसमोर मला पाहिजे ते बोल. मी एका शब्दाने उलटून बोलणार नाही.

तुझीच, अजून तुझीच असेन तर,
कांता