तिसऱ्या मजल्यावरची हजेरी

५ जानेवारी
इमारतीचं विजेचं बिल कमी करायचं काम अखेर माझ्याकडे आलं. सहा मजले, सगळी आमच्याच कंपनीची ऑफिसं. मालकीणबाई म्हणाल्या, मार्चअखेर फरक दिसला नाही तर देखभाल बाहेरच्या कंपनीला देईन, मग तुमचं काय करायचं ते बघू. फरक दिसेल. माणसांवर विसंबायचं नाही, डेटावर विसंबायचं. संकल्प: रोज चहाआधी आलेख बघणे.

१२ जानेवारी
सगळीकडे सेन्सर बसले. हालचाल दिसली की दिवे आणि एसी चालू. हालचाल थांबली की थोड्या वेळाने बंद. आता कुणी काही करायचं नाही.
आज चहा आधी झाला.

१९ जानेवारी
तिसऱ्या मजल्यावर ऑडिटवाले बसतात. कागदात डोकं घातलं की हलत नाहीत, त्यामुळे सारखा अंधार. त्यांच्या प्रमुख बाई माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, अहो, आम्ही बेरजा करायच्या की कवायत? मी म्हटलं, मधूनमधून हात हलवा, तब्येतीलाही बरं. बाईंनी कपाळावर हात मारला. माझ्या खोलीतला गेलेला दिवा लागला. यंत्रणा उत्तम.

२० जानेवारी
पुरुषांच्या स्वच्छतागृहात अंधारातून कुणीतरी माझं नाव घेत होतं. आदराने नव्हे.

२ फेब्रुवारी
तिसरा मजला शांत. एकही तक्रार नाही. लोकांना थोडा वेळ द्यावा लागतो, इतकंच.

९ फेब्रुवारी
बिल वाढलं. हे अपेक्षितच होतं. यंत्रणा आधी शिकते, मग वाचवते. मालकीणबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, शिकू दे, पण तिची फी मी किती दिवस भरू?
झोप नीट लागली नाही. जेवण जड झालं असणार.

१६ फेब्रुवारी
मोठा शोध. तिसऱ्या मजल्यावर रात्रभर हालचाल आहे. रविवारीसुद्धा. म्हणजे बिल वाढलं ते कामामुळे! खाली जाऊन बघावं असं वाटलं, पण आलेख अगदी स्पष्ट होता.

२३ फेब्रुवारी
मालकीणबाईंना आलेख दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. म्हणाल्या, आमचे ऑडिटवाले? हे लोक पाच वाजायच्या आत जिन्यात असतात. मी म्हटलं, डेटा बघा. त्यांना भरून आलं. रविवारी स्वतः येऊन कौतुक करणार आहेत. बायकोने विचारलं, रविवारी कुठे? मी म्हटलं, सत्काराला.

१ मार्च, रविवार
दार उघडलं. सगळे दिवे चालू. गारठा असा की दातावर दात आपटत होते. माणूस एकही नाही. कपाटावर टेबलफॅन मान फिरवत होता. त्याला फायलींच्या लाल फिती बांधलेल्या. फिती सेन्सरसमोर फडफडत होत्या. मालकीणबाई पुष्पगुच्छ धरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ते रात्रंदिवस राबणारे हेच का? मी म्हटलं, हालचाल तर खरी आहे.
हे बोलायला नको होतं.

२ मार्च
फॅन जप्त केला. ऑडिटच्या बाई म्हणाल्या, न्या की, चौथ्या मजल्याने आमच्याकडूनच शिकून घेतलंय. चौथ्यावर एक निघाला. पाचव्यावर दोन. सहाव्यावर गेलो नाही. गुडघा दुखत होता.

१६ मार्च
नवी योजना पाठवली: फॅन आणि माणूस यांतला फरक ओळखणारे सेन्सर. मालकीणबाईंचं लगेच उत्तर आलं. तो फरक मला कळतो, म्हणाल्या.

३१ मार्च
देखभाल बाहेरच्या कंपनीला गेली. त्यांच्या माणसाने जेवणाच्या सुट्टीआधी सगळे सेन्सर बंद केले. म्हणाला, संध्याकाळी कुणीतरी एक फेरी मारून दिवे-एसी बंद केले की झालं. कुणीतरी म्हटल्यावर मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.
उद्यापासून सुरुवात.
घरी सांगितलं, आता प्रत्यक्ष मैदानातलं काम आहे, सहाही मजले माझ्याकडे. बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, बरं झालं, मग उठताच आहात तर बाथरूमचा दिवा तेवढा घालवून या, सकाळी तुम्ही लावलेला तसाच जळतोय.
गेलो. घालवला.