मामंजींचं मिलिटरी जॅकेट

अहो,

मी मामंजींना घेऊन मंगळवेढ्याला ताईंकडं चाललेय. भाकरी दुरडीत आहेत, पिठलं तेवढं गरम करून घ्या.

मिलिटरीत कधी न गेलेल्या म्हाताऱ्यानं असलं जॅकेट घालू नये, लोक हसतात, म्हणून तुम्ही काल ते त्यांच्या अंगावरून उतरवलंत. मी ते ज्वारीतल्या बुजगावण्याला चढवलं. चूक माझीच. आपली मेंढरं त्या जॅकेटालाच मालक समजतात, हे ध्यानात आलं नाही. सकाळी ती सगळी कळपाभोवतीची जाळी पाडून बुजगावण्याभोवती जाऊन बसली.

मामंजी आणि मी आणायला गेलो, तर मेंढरं उठली आणि मुकाट ओढ्याकडं चालायला लागली. त्यांच्या पुढं ते जॅकेट चाललं होतं. शेतात नुसती काठी उरली होती. मामंजी माझा हात घट्ट धरून म्हणाले, "मी हितं हाय, मग म्होरं कोन हाय?"

मेंढरं येतील तेव्हा येतील, तुम्ही शोधायला जाऊ नका. आणि मामंजींच्या आवाजात कुणी दारातून हाक मारली, तर कडी काढू नका. मामंजी माझ्याजवळ आहेत.

प्रियंका