वहिनी, ‘इच्छा नाही’ हे मी लिहिलं

प्रिय वहिनी,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर दादा ओटीवर पान लावत बसला आणि पाहुण्यांना सांगू लागला, तिनं दुखणं कधी दाखवलंच नाही, नाहीतर मी काय काय केलं नसतं. लोकांनी माना हलवल्या. मी आत भांडी विसळत होते, तशीच विसळत राहिले. त्या गप्प बसण्याची इतकी किळस आली, की आज तुला लिहायला बसले.

काय केलं असतं गं त्यानं?

तुला आठवतं, खोपोलीच्या कारखान्यात तो कायम झाला तेव्हा विम्याचं कार्ड आलं होतं. घरातल्या सगळ्यांची नावं होती त्यावर. लहान पोरांना टोचण्या आणि दातांची तपासणी, वयात आलेल्या मुलींचं रक्त, चाळिशीच्या कामगारांच्या छातीचा फोटो, आणि पस्तिशी उलटलेल्या बायकांची लेडी डॉक्टरकडून आतली तपासणी. खर्च सगळा विम्याचा. मी मास्तरीण, म्हणून ते पत्रक घरात मीच वाचून दाखवलं होतं.

दादा दरसाल जायचा. भरपगारी रजा, इस्त्रीचा सदरा, आदल्या दिवशी न्हाव्याकडून दाढी. जणू मुलगी बघायला निघालाय. परत आला की छातीचा फोटो खिडकीशी धरून आल्यागेल्याला दाखवायचा. स्वतःच्या बरगड्यांचं एवढं कौतुक मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही.

तू पस्तिशीची झालीस त्या साली मळणी चालू होती. सूप खाली ठेवून तू हळूच म्हणालीस, “वन्सं, मी बी जाऊ का? पाळी नसताना बी अंगावर जातंय माज्या.” मी म्हटलं, दादाला विचारते. शिकलेली बाई मी, आणि मला भावाची परवानगी हवी होती!

विचारलं. तो हसला.

“ती काय कारखान्यात कामाला हाय, तपासून घ्यायला? धडधाकट बाई. लिव, इच्छा नाय.”

मी लिहिलं. तपासणीच्या फॉर्मवर तुझ्या नावापुढे, फळ्यावर सुविचार लिहिते तशा टपोऱ्या अक्षरात. तू शेजारीच उभी होतीस. तुला वाचता येत नव्हतं, आणि गावच्या पोरांना शिकवणाऱ्या मला तुला शिकवायला कधी सवड झाली नव्हती. काय लिहिलं, असं तू विचारलंस. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. त्याच ओळीखाली तू अंगठा उठवलास.

पुढच्या वर्षीही मी तेच लिहिलं. त्या खेपेला तू विचारलंसुद्धा नाहीस.

मग लावणीत तू चिखलात बसलीस, ती तुला उचलूनच आणावं लागलं. दादानं टेंपो आणला, मुंबईच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे, पसरलीय. दोनेक वर्षांपूर्वी साध्या तपासणीत कळलं असतं. आधी कधी तपासलं नव्हतं का?

“तीच तयार नव्हती, बाई,” दादा म्हणाला.

तू खाटेवरून माझ्याकडे बघितलंस. मी पदर सारखा केला.

त्याच्या खोटं बोलण्याचं मला आता काही वाटत नाही. ते त्याला चुना लावण्याइतकं सोपं आहे. पण बाईंचं अक्षर मोत्यासारखं, असं सारं कडाव गाव म्हणतं ना? थू त्या अक्षरावर.

आज शाळेत रजा टाकली आणि तुझ्या सुमनला खोपोलीला घेऊन गेले. पंधरा पूर्ण झाली तिला. कार्डावर तिच्या रक्ताची तपासणी आहे. कार्ड काढून देताना दादा कुरकुरला, पोरीची शाळा बुडेल म्हणाला. एका दिवसात केवढी काळजी उगवली बघ त्याला! मी त्याच्या हातातून कार्ड घेतलं आणि निघाले.

येताना एस.टी.त तिला सगळं सांगितलं. दादा काय म्हणाला, मी काय लिहिलं, दोन्ही वर्षांचं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

“आत्या, आई तुज्याकडं आली व्हती ना, सोताहून?”

“आली होती.”

ती उठली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. कडाव येईपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही.

पोरीचं रक्त कमी निघालंय. गोळ्या दिल्यात, त्या मी रोज तिच्या हातावर ठेवीन. पुढच्या साली तिला पुन्हा नेईन, त्याच्या पुढच्या सालीही. लग्न होऊन गेली तर सासरी जाऊन घेऊन येईन. ती माझ्याशेजारी बसली नाही तरी चालेल.

तुझी वन्सं,
शालिनी