सैंधव घातलेलं बटर

३ मार्च २००६, शुक्र.
नोव्हेनाच्या हॉस्पिटलात जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, किडन्या अजून तग धरून आहेत. बीपी आणि सूज आटोक्यात राहिली तर मे महिन्यात पुण्याला खुशाल जा. नाहीतर डायालिसिसचं बोलावं लागेल. म्हणजे बायकोची भेट माझ्या जिभेच्या हातात! नलू दिवाळीपासून तिकडे, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. इथे परदेशात मी आणि लेक केतकी. लोणची-पापड कधीच गेले, आज खारं बटरही फ्रीजमधून हद्दपार.

५ मार्च, रवि.
बिनमिठाचं बटर आणलं. ब्रेडला लावून खाल्लं. मेण परवडलं.
इथल्या बेडोक भागातल्या पहिल्या फ्लॅटमध्ये टेबल नव्हतं. रविवारी जमिनीवर पेपर पसरून टोस्ट. खारं बटर जाड थापायची नलू, वर सुरी चाटायची. पुढे केतकीनं चाटली की तिलाच ओरडायची. फार आठवण येते.

१२ मार्च, रवि.
ऑफिसातले वर्तक पुण्याहून परतले. नलूनं सैंधव पाठवलंय. फोनवर म्हणाली, "अहो, बटरात घोटा. उपासाला चालतं, मग तुम्हाला काय होतंय?" तिच्या माहेरी उपासाला साधं मीठ चालत नाही, सैंधव चालतं. म्हणजे ते मीठ नव्हेच. पटलं!
केतकी, इथल्या लोकांच्या ढंगात : "बाबा, सॉल्ट इज सॉल्ट लाह."
"तू गप बस."
घोटलं. अहाहा. नलू माझ्यासाठी सोमवार धरते. उद्या ती तिकडे, मी इकडे, दोघांच्या पानात एकच सैंधव. बरं वाटलं.

२७ मार्च, सोम.
बूट चढेनात. बीपी वर. आहारतज्ज्ञ बाईंना छातीठोक सांगितलं, मीठ बंद. "मग ब्रेडला काय लावता?" सांगितलं. पेन खाली ठेवलं त्यांनी. "अंकल, रॉक सॉल्ट इज ऑल्सो सॉल्ट." बिनमिठाचं बटर थोडं चालेल, त्यात हे अजिबात नको.
मे महिन्याचं? "बघू," डॉक्टर म्हणाले.
घरी येताना एमआरटीच्या गाडीत केतकीनं मला जागा मिळवून दिली, पिशवी स्वतः धरली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२८ मार्च, मंगळ.
नलूला कसं सांगू? मनाला लावून घेईल. सोमवारच्या जोडीला मंगळवारही धरेल. तिला वाटतंय, तिच्या हातचं काहीतरी रोज माझ्या पोटात जातंय. मलाही तेच वाटत होतं. आणि त्यानंच माझं पुण्याला जाणं हुकायचं...

२ एप्रिल, रवि.
टोस्ट. मेण. सवय होईल म्हणतात.
नलूचा फोन. "सैंधव संपत आलं असेल ना? वर्तक पुन्हा पुण्याला यायचेत, त्यांच्याबरोबर देते."
पुडी समोर ओट्यावर, अर्धीअधिक भरलेली. सांगून टाकायचं ठरवून तोंड उघडलं, निघालं भलतंच. "वर्तकांबरोबर नको. तूच घेऊन ये."
पलीकडे सासूबाई खोकत होत्या. नलूनं त्यांना पाणी पाजलं. मग हळूच म्हणाली, "येऊ?"
हो म्हणालो, तर त्यांच्याजवळ कोण बसणार?