मामाच्या पत्त्यावरची गाडी

टोलेडो, ४ मार्च १९९६

ती. अर्नेस्टीनताईस,
धाकट्या लेव्हॉनचा सा. न.

फोनवर तू माझं बोलणं पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहितोय. तुझ्या रोशेलच्या गाडीचा विमा घरभाड्याच्या वर जातो म्हणालीस. जाणारच. तुमच्या मिशिगनात चूक कुणाचीही असो, जखमीचं औषधपाणी जन्मभर आपलीच विमा कंपनी करते. आमच्या ओहायोत समोरच्याचं नुकसान भरून दिलं की सुटलो, म्हणून इथं निम्म्यात काम होतं. गाडीची नोंदणी आणि विमा माझ्या पत्त्यावर कर. तुझ्या गल्लीतल्या अर्ध्या गाड्यांना बाहेरच्या राज्यांच्या नंबरप्लेटा आहेत. त्या काय सगळ्या पाहुण्यांच्या? पोरगी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात जायला दोन बस बदलते, तिची तरी दया येऊ दे.

भावावर रागव, पण माया आटू देऊ नकोस.

लेव्हॉन

डेट्रॉइट, १९ मार्च १९९६

चि. लेव्हॉनला,
ताईचे अ. आ.

तू लहानपणापासून मला आडवाटेला लावत आलास. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा खोट्या साक्षीवर बोलत होते आणि मी मान वर केली नाही. रोशेलला हे सांगितलं तर म्हणाली, येशूला पहाटेची बस धरायची नव्हती. हसू आलं आणि मी विरघळले. पुढच्या आठवड्यात ती कागदांसाठी तुझ्याकडे येईल. तिला पोटभर जेवू घाल, वाळकी झालीय.

आहेस तसाच लोभी राहा, माझ्या मायेचा.

अर्नेस्टीन

टोलेडो, ११ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस सा. न.

अपघाताचं तुझ्याकडून कळल्यापासून एकच घोकतोय. सिग्नल तोडला त्या दुसऱ्या गाडीवाल्यानं आणि पाठ मोडली आपल्या पोरीची. मी इथल्या वकिलाला भेटलो. ओहायोत राहणारी मुलगी तुमच्या मिशिगनात जखमी झाली असेल, तर इथल्या कंपनीलाही तुमच्याकडच्या नियमानं खर्च द्यावा लागेल म्हणतो. कंपनीचा माणूस आला की मी सांगेन, ती माझ्याकडेच राहते, मागच्या खोलीत. पलंगही टाकून ठेवलाय. तूही तेच सांग. रोशेलला आत्ताच पढवून ठेव.

तुझाच,
लेव्हॉन

डेट्रॉइट, १६ नोव्हेंबर १९९६

चि. लेव्हॉनला अ. आ.

तुझं पत्र उशिरा आलं. तो माणूस आधी दवाखान्यातच येऊन गेला. भला होता बिचारा, टोपी काढून बसला. गाडी रात्री कुठे असते, एवढंच त्यानं विचारलं. रोशेल औषधाच्या गुंगीत होती. आमच्या दारात, आईला खिडकीतून दिसते तिथं, म्हणाली. मी शेजारीच उभी होते. मी तिची चादर सारखी करत राहिले.

मिशिगनात राहणाऱ्या गाडीला मिशिगनचा विमा नसेल, तर मालकाला उपचाराचा छदामही मिळत नाही. शुक्रवारी तिला घरी सोडताहेत. सरकारी मदतीतून चाकांची खुर्ची मिळेल, चालायला शिकवणारी बाई मिळणार नाही. शेजारच्या पलंगावर मर्ना नावाची मुलगी आहे, दुखणं तेच. तिचा विमा इथला. काल ती दांड्यांना धरून दारापर्यंत चालत गेली आणि रोशेलनं टाळ्या वाजवल्या. मला ते बघवेना.

काल रोशेलनंच मला बजावलं, मामाला लिही की डॉक्टरांचं काम संपलं, आता घरीच बरं वाटेल, पत्त्याबित्त्याचं काही लिहू नकोस. मी हो म्हटलंय. तेव्हा येशील तेव्हा तिच्यासमोर तुला काहीच ठाऊक नाही. रडायचं असेल तर वाटेत रडून घे.

तुझ्यावर राग आहे. तरी ये.

अर्नेस्टीन