बिनविरोध

३ ऑक्टोबर २००५

भरला एकदाचा अर्ज! आमच्या वॉर्डात बाईची एकच जागा आहे. आबांनी एसटीचं भाडं दिलं, पण बरोबर आले नाहीत.

माझ्या जन्माआधीपासून गावात ग्रामपंचायतीला मतदान झालेलं नाही. पुरुष देवळात बसतात, नावं ठरवतात — बायकांच्या जागांचीसुद्धा. आई आमदाराला मत देते. गावातल्या कुणाला अजून एकदाही नाही. म्हणून भरला.

५ ऑक्टोबर

देवळातल्या बैठकीचे पुढारी, गेणभाऊ, घरी आले. देवळात त्यांच्या चुलतीचं, प्रयागबाईंचं, नाव ठरलंय.

"सोमाजी, पोरगी शिकवली ती गावात इलेक्शन आणाया का?"

आबांनी त्यांच्यापुढे पानसुपारी सरकवली. मी म्हटलं, घटनेने दिलेला हक्क आहे.

"आगं, घटनेला कोण न्हाई म्हणतंय? पर शेजारच्या गावात मतदानापायी डोकी फुटली, तवा टाके घालाया घटना आली व्हती का?"

खरंच कुणाचं डोकं फुटलं तर?

७ ऑक्टोबर

सावडीने आम्ही सगळ्यांचे कांदे लावून दिले. आज आमची पाळी — एक बाई आली नाही! आम्ही तिघंच वाफ्यात. दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्या.

"मागे घेते अर्ज," मी म्हटलं. आईच ओरडली, "गप लाव! एकदा कळू दे मला, गावात मत देताना कसं वाटतं ते."

८ ऑक्टोबर

गावात भांडण नाही, की भांडायची सोयच नाही?

९ ऑक्टोबर

पाणवठ्यावर प्रयागबाई भेटल्या. मी घाबरून वाट सोडली, तर त्यांनीच हाक मारली.

"मला कुठं इचारलं त्यांनी? जीपात घातली अन् अंगठा घेतला. माझं गुडघं लई दुखत्यात बाई, मिटिंगला कोण जाईल? मी बी तुलाच मत दीन. बोलू नको कुठं."

किती दिवसांनी हसले! अर्ज मागे घ्यायचा उद्या शेवटचा दिवस. मी जाणार नाही. म्हणजे मतदान नक्की. आईने ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून ठेवलंय.

१० ऑक्टोबर

गेणभाऊ हार घेऊन दारात. सकाळीच त्यांनी प्रयागबाईंना तहसीलला नेऊन अर्ज मागे घ्यायला लावला.

"झालीस तू मेंबर, बिनविरोध! तुझं आमाला काय वावडं न्हाई पोरी. मतदान तेवढं नको व्हतं."

आबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. उद्या कांद्याला बाया येणार आहेत.

आई हात पुसत बाहेर आली. माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघत म्हणाली, "मंग माझं मत?"